गोड पाण्याची शाई

समाहीजमध्ये, कबरस्तानाच्या भिंतीला लागून,
आम्ही एका मठाचा नकाशा काढतो आहोत.
आम्ही म्हणजे बाई, त्यांचे दोन विद्यार्थी, मुकादम मक्की
आणि मी, बार्शीचा सर्व्हेअर.
आठ खोल्या. एक चूल. एक हौद,
हौदाच्या गिलाव्यात कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा.
डोक्यावरून विमानं उतरतात, इतकी खालून
की चाकं मोजता येतात.

बाई सांगतात, इथे बर-साहदे नावाचा भिक्षू राहायचा.
बारा ग्रंथ लिहिले.
उरली ती सात पानं,
दूर उत्तरेला, एका डोंगरी मठात,
दुसऱ्याच कुणाच्या पोथीत शिवलेली.
आणि ती पानं घामेजतात.
हवा दमट झाली की अक्षरांवर दव धरतं,
बाकीची पोथी कोरडी.
तिथला म्हातारा ग्रंथपाल ती तांदळाच्या डब्यात ठेवतो.

कारण शाई.
बेटावरच्या विहिरी मचूळ,
मचूळ पाण्यात शाई फुटते, काजळ तळाला बसतं.
पण किनाऱ्यापासून कोसभर आत
समुद्राच्या बुडाशी गोडे झरे होते
(या देशाचं नावच मुळी दोन समुद्र).
एक पोरगा कातडी पखाल घेऊन बुडी मारायचा,
झऱ्याच्या तोंडाला पखालीचं तोंड लावायचा,
तिचा गळा आवळून वर यायचा.
मठ प्यायला मचूळच प्यायचा.
गोडं पाणी दौतीला.

म्हणजे त्याचं एकेक अक्षर
आधी श्वास कोंडून खाली जाऊन आलेलं.

लिहिलं काय त्यानं?
वाऱ्यांची नावं. उपासाचे नियम.
खजूर कुठल्या दिवशी वर्ज्य.
आणि भिक्षूनं थोडकं बोलावं यावर
म्हणे भलतंच लांब प्रकरण.
त्यातलंच हे शेवटचं पान:
मजकूर मध्येच तुटतो,
खाली बारीक अक्षरात, काहीसं पसरलेलं,

पाणी आणणारा मुलगा गेला.
दुसऱ्या कुणाला मी पाठवणार नाही.
इथून पुढे समुद्राचं पाणी घेतलं आहे.
वाचणाऱ्यानं अक्षराला रागावू नये.

इथून पुढे फक्त दोन ओळी आहेत.

माझे वडील अडत दुकानात दिवाणजी होते.
पट्टीच्या तळाशी लिहायचे, चू. भू. द्या. घ्या.
रोज चाळीस पट्ट्या, चाळीस वेळा.
मला वाटायचं, ती बेरजेपुरती.
एकदा हमालाच्या अंगावर थप्पी कोसळली
त्या दिवशीच्या पट्टीवर त्यांनी ते पूर्ण लिहिलं होतं,
चूकभूल द्यावी घ्यावी,
काना, मात्रा, वेलांटी, सगळं.

मुलाचं नाव पानात नाही.
मी सुवैद ठेवलंय. बाईंना सांगितलेलं नाही,
पुरावा विचारतील.
हौदातला तो अंगठाही मी त्यालाच देऊन टाकलाय.

मक्कीचा आजा लहानपणी ते पाणी प्यायलेला.
पुढे बोअर पडले, भराव पडला,
झरे कधी आटले ते कुणी पाहिलं नाही,
समुद्राच्या पोटातली गोष्ट.
मक्की दुपारच्या डब्यानंतर हात लांब करून दाखवतो:
तिथे. नाही, जरा डावीकडे. तिथे.
आणि माझ्या प्लॅस्टिकच्या बाटलीतलं पाणी
घोटभर मागून घेतो.

काल नकाशा पुरा झाला.
भिंती, चूल, हौद, उत्तरेचा बाण, प्रमाणपट्टी.
चौकटीच्या बाहेर, जिथे कागद कोराच राहतो,
मी एक टिंब दिलं.
बाईंनी चष्मा वर सरकवला, हे काय?
म्हटलं, चूक असेल.
बराच वेळ बघत राहिल्या.
एक विमान उतरलं, दुसरं उतरलं.
राहू दे, म्हणाल्या.